चार नंबरचा माइक

हातोडा आपटला तेव्हा आर्डिथच्या कानात 'नाही' अजून चालूच होतं. संपलेलं नव्हतं. मागच्या चढत्या बाकांवरून ते खाली येत होतं, पत्र्याच्या छपराला लागून परत फिरत होतं, आणि त्याच्या मधोमध तो लाकडी ठोका पडला. "'होय'चं बहुमत. ठराव अभ्यास समितीकडे," पक्षाच्या राज्य अधिवेशनाचा अध्यक्ष कर्टिस नॉर्डबी व्यासपीठावरून म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, हवामान सांगावं तसा. आर्डिथ क्वामेनं आयुष्याची एकतीस वर्षं जिल्हा कोर्टात लघुलेखिका म्हणून काढली होती. बोललेलं ऐकायचं आणि ऐकलेलं लिहायचं, एवढंच काम. चाळीस माणसं एकदम बोलली तरी कोण मोठ्यानं बोललं हे तिला कळायचं. त्यामुळे तिला शंका नव्हती. ठराव समितीकडे धाडायला 'होय' आलं होतं ते पुढच्या टेबलांवरून, राजधानीच्या उपनगरांतल्या प्रतिनिधींकडून. नीटनेटकं, आखडतं, घसा खाकरावा तेवढं. त्यांची निम्मी माणसं तर बाहेर जेवणाच्या रांगेतच होती. 'नाही' त्याच्या दुप्पट होतं. दुप्पट म्हणजे अंदाज नव्हे. दुप्पट.

काय करायचं ते तिला ठाऊक होतं. या सभागृहात बसलेल्या अकराशे माणसांत ते तिच्याइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नसेल. आवाजी मतदानाचा निकाल पटला नाही तर जागेवर उभं राहायचं आणि 'मतविभागणी' असं ओरडायचं. परवानगी लागत नाही, माइक लागत नाही, अध्यक्षांनी नाव पुकारावं लागत नाही. एकानं ओरडलं तरी पुरे. मग दोन्ही बाजूंनी आळीपाळीनं उभं राहायचं आणि माणसं डोक्यानं मोजायची. अट एकच, पुढचा विषय सुरू होण्याआधी ओरडायचं. हे तिनं निदान दोनशे लोकांना शिकवलं होतं. आणि ती उठली, खुर्ची मागे सारली, हातातला कागद सरळ केला, दोन टेबलांमधून वाट काढत चार नंबरच्या माइककडे चालत गेली. तिथे दोन माणसं आधीच उभी होती. ती त्यांच्या मागे उभी राहिली.

रांगेत.

"पुढचा विषय," कर्टिस म्हणाला, "या अधिवेशनासाठी राबलेल्या स्वयंसेवकांच्या आभाराचा ठराव." सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. आभाराच्या वेळी कोण टाळ्या वाजवत नाही? तिच्या पुढचा माणूससुद्धा वाजवत होता. आर्डिथनंही हात एकमेकांवर आपटले, दोनदा, आणि तिसऱ्या वेळी ते हवेतच थांबले. तेव्हा तिला कळलं की वेळ गेली. अकरा सेकंद होते. त्यातले चार तिनं खुर्ची मागे सारण्यात घालवले होते आणि उरलेले सभ्यपणात.

हिवाळ्यात या सभागृहात बर्फावरची हॉकी चालते. जमिनीवर फळ्या टाकल्या होत्या तरी खालचा गारवा बुटाच्या तळव्यांतून वर येत होता. चार नंबरचा माइक लावला होता तो नेमका ज्या कोंडीत दंड झालेल्या खेळाडूंना बसवतात तिच्यासमोर. काचेच्या त्या कोंडीत आज खोकी रचून ठेवली होती, टोप्यांची. आर्डिथ काचेत दिसली स्वतःला. अडुसष्ट वर्षांची बाई, गळ्यात प्रतिनिधीचा बिल्ला, हातात ठरावाचा चार ओळींचा कागद. ज्या काउंटीत दर चार विहिरींमागे एकीचं पाणी पिण्याजोगं नाही, तिथे सगळ्या विहिरी तपासून होईपर्यंत डुकरांच्या नव्या शेडींना परवानगी देऊ नये. संपलं. चारच ओळी. फेब्रुवारीत शाळेच्या खानावळीत, बाहेर वीतभर बर्फ असताना, अकरा माणसांनी मुलांच्या बुटक्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन या ओळी मंजूर केल्या होत्या. मग काउंटीच्या बैठकीत एकशे चाळीस जणांनी. मग विभागाच्या बैठकीत. प्रत्येक पायरीवर आर्डिथनं त्या पुन्हा टाइप केल्या, दर वेळी एखादा शब्द काढला. शब्द जितके कमी तितकी पळवाट कमी, असं तिला कोर्टानं शिकवलं होतं. पळवाटा शब्दांतच असतात असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. एखादा माणूस ऐकू आलेलं ऐकू आलंच नाही असं सरळ म्हणेल, हे तिनं धरलं नव्हतं.

म्हणजे धरलं नव्हतं असं नाही. परत टेबलाकडे जाताना तिला ते आठवायला लागलं, आणि ते नको होतं. ज्या रस्त्यावर तिचं गाव आहे तिथला चौक तिनं मुद्दाम आठवला. चारी बाजूंना थांबण्याच्या पाट्या. चारी बाजूंनी गाड्या आल्या की चौघंही एकमेकांना हात करतात, तुम्ही जा, नाही नाही, तुम्ही जा. मालवाहू ट्रकवालाही करतो. बाहेरगावचे लोक हसतात. आर्डिथला त्याचा अभिमान होता. आज पहिल्यांदाच तिला वाटलं, शेडीवाली कंपनी आमच्या काउंटीत आली ती याच चौकातून आली असणार. आम्ही सगळ्यांनी हात करून तिला म्हटलं असणार, तुम्ही जा.

टेबलावर टेलमार काउंटीचे सतरा जण होते. चार तासांचा बसप्रवास करून आलेले. बोलत होते दोघंच. रॉय डिटमर, पंचाहत्तरीचा, साठ दुभत्या गायींचा मालक, दोन्ही गुडघे निकामी. आणि जोलीन प्रूस, अठ्ठावीस वर्षांची, जिच्या विहिरीत शेडींच्या मैल्यातलं नायट्रेट उतरलं होतं आणि त्या पाण्यानं तिचं सात आठवड्यांचं बाळ निळं पडलं होतं. बाळ वाचलं. ओठ निळे, नखं निळी, आणि ही थर्मामीटर लावत बसलेली, कारण ताप नव्हता तर काय आहे ते कळेना. डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला तो दुधाची पावडर कुठल्या पाण्यात कालवता हा. तेव्हापासून ती बत्तीस मैलांवरून पाण्याची पिंपं आणते आणि जिथे चार माणसं जमतील तिथे उभी राहून बोलते.

"आर्डिथबाई," जोलीन म्हणाली, "तुम्ही रांगेत उभ्या राहिलात?"

आर्डिथ बसली.

"नाही, मला फक्त समजून घ्यायचंय. बसमध्ये चार तास तुम्ही आमची तालीम घेतलीत. उभं राहा, ओरडा, थांबू नका. रॉयआजोबांना तर तुम्ही तीनदा ओरडायला लावलं, ड्रायव्हरनं गाडी थांबवली. आणि वेळ आली तेव्हा आम्ही सगळे तुमच्याकडे बघत राहिलो, की बाई उठल्यात, बाई करतील. आणि बाई रांगेत."

"मी ओरडलो असतो," रॉय म्हणाला, "पण मला वाटलं, आर्डिथच्या आधी ओरडणं बरं दिसणार नाही."

"घ्या! अजून एक."

"अगं पोरी, आमची पिढी जळत्या घरातून बाहेर पडतानासुद्धा दाराशी दुसऱ्याला आधी जाऊ देते." तो हसला, मग हसू आवरलं. आर्डिथ हसली नव्हती.

तिच्या आत जे तापत होतं ते जोलीनवर नव्हतं. रॉयवर नव्हतं. स्वतःवर होतं, पण तेही पुरतं नव्हतं. स्वतःवरचा राग तिच्या ओळखीचा होता, तो पोटात बसतो. हा वर होता, जबड्यात, कानांच्या मुळाशी. आभाराचा ठराव. ही युक्ती कर्टिसला तिनं शिकवली होती. सोळा वर्षांचा होता तो, मक्याच्या कणसासारखा उभा वाढलेला. शेतकऱ्यांच्या मुलांचा क्लब होता, सभाशास्त्राच्या स्पर्धा व्हायच्या, आणि चर्चच्या तळघरात दर मंगळवारी आर्डिथ सहा मुलांना घेऊन बसायची. ठराव, उपसूचना, हरकतीचा मुद्दा. सभा फारच भडकली, लोक एकमेकांच्या अंगावर जायला लागले, तर मध्येच आभाराचा ठराव घ्यावा, असं तिनं सांगितलं होतं. टाळ्या वाजवणारे हात दुसऱ्याची कॉलर धरू शकत नाहीत. मुलं हसली होती. कर्टिसनं वहीत लिहून घेतलं होतं. आणि हेही लिहून घेतलं होतं, तिच्या डोळ्यांसमोर, की अध्यक्षाला स्वतःचे कान नसतात. सभेनं त्याला आपले कान उसने दिलेले असतात. आठवीतल्या मुलीसारखं गोल अक्षर होतं त्याचं. त्या वर्षी राज्यस्पर्धा त्यानं जिंकली. पुढे जे झालं ते सगळं बरोबरच होतं, कॉलेज, कायद्याची पदवी, पक्षाचं उपाध्यक्षपद. नाताळला कार्ड यायचं.

"आता काय?" जोलीननं विचारलं. "काहीतरी असेल ना तुमच्या त्या पुस्तकात?"

"फेरविचार," आर्डिथ म्हणाली. "झालेल्या निर्णयाचा फेरविचार करावा अशी सूचना आजच्या आज मांडता येते."

"मग मांडा!"

"मला येत नाही. ज्यानं जिंकलेल्या बाजूनं मत दिलं असेल त्यालाच मांडता येते. हरलेल्यांनी तेच तेच उकरून काढू नये म्हणून नियम आहे. ज्यानं 'होय' म्हटलं आणि आता ज्याला पश्चात्ताप झालाय, असा माणूस हवा."

जोलीननं टेबलावर कोपरं टेकली. "कोण काय ओरडलं याची कुठे नोंद झालीय?"

"नाही. आवाजी मतदानात होत नाही. अध्यक्ष विचारतात, तुम्ही जिंकलेल्या बाजूनं मत दिलंत का, आणि माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवतात."

"मग म्हणा, दिलं."

"मी 'नाही' म्हटलंय."

"ते मला माहितीय, रॉयआजोबांना माहितीय. तिकडे कोणाला माहितीय?"

"मला."

"अहो, तो माणूस हातोडा घेऊन अकराशे जणांच्या तोंडावर खोटं बोलला! टाळ्या घेतल्या वर! आणि तुम्ही एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही?" जोलीनचा आवाज चिरकला. "माझ्या पोराचे ओठ निळे पडले होते. तुमचा शब्द अगदी पांढराशुभ्र राहू दे."

रॉय कागदी कपातल्या गार कॉफीकडे बघत बसला. पोरीला जे माहीत नव्हतं ते आता आर्डिथच्या मनात पुरतं वर आलं होतं. तिचा शब्द पांढराशुभ्र नव्हता. एक्याण्णव सालचा मार्च. मोटेलमध्ये खोल्या साफ करणारी एक बाई, मुलीचा ताबा नवऱ्याकडे जात होता. वकील नव्हता तिला. न्यायाधीशांनी विचारलं, तुमची या व्यवस्थेला संमती आहे ना? बाई 'नाही' म्हणाली. श्वासाइतकं हळू. ओठ हलले आणि 'नाही' बाहेर आलं. आर्डिथ तिच्यापासून चार फुटांवर बसली होती. न्यायाधीश घड्याळाकडे बघत होते. "नोंद करा," ते म्हणाले, "आक्षेप नाही." आर्डिथची बोटं यंत्रावर थांबली. हात वर करून, माफ करा, या बाई काहीतरी म्हणाल्या, असं सांगायची मुभा तिला होती. कर्तव्यच होतं ते. पण न्यायाधीशांचं बोलणं संपायची ती वाट बघत राहिली, आणि ते संपलं तेव्हा पुढचं प्रकरण पुकारलं गेलं होतं. तिनं लिहिलं, उत्तर ऐकू आलं नाही. चार शब्द. एकतीस वर्षांत एवढेच चार शब्द तिनं खोटे लिहिले, आणि ते कोणी सांगितले म्हणून नव्हे. दुसऱ्याच्या बोलण्यात तोंड घालू नये म्हणून. ती बाई जाताना तिच्याकडे बघून हसली होती. खोलीत कोणीतरी आपलं ऐकलंय, अशा समजुतीनं.

व्यासपीठावर पाहुण्यांचं भाषण सुरू झालं, वीस मिनिटांचं. कर्टिस खाली उतरून टेबलाटेबलांवर हात मिळवत फिरायला लागला. तो टेलमारच्या टेबलापर्यंत येईल असं तिला वाटलं नव्हतं. तो आला. मुलगा चांगलाच होता. तेच अवघड होतं.

"क्वामेबाई," तो वाकून म्हणाला, "रागावलात ना माझ्यावर?"

"तुला ऐकू आलं का, कर्टिस?"

"बघा, ठराव मेलेला नाही. समितीत जातोय. त्या समितीवर मी तुमचंच नाव सुचवणार आहे. नोव्हेंबरात निवडणूक आहे, त्या शेडीवाल्यांना आत्ता अंगावर घेणं..."

"मी निवडणुकीचं विचारलं नाही. ऐकू आलं का, एवढंच विचारलं."

त्यानं टेबलावरचा कागदी रुमाल उचलला, घडी केली. "जवळजवळ सारखंच होतं."

"सारखं वाटलं तर अध्यक्षानं काय करायचं असतं?"

"मोजायचं."

"कोणी शिकवलं तुला?"

"तुम्हीच." तो थोडासा हसला, आणि मग, तिचा आदर राखण्यासाठीच बहुधा, खरं बोलला. "पण मतविभागणी कोणी मागितलीच नाही, बाई. मी थांबलो होतो. चांगला थांबलो होतो. तुम्ही माइकच्या रांगेत होतात, मी बघत होतो तुमच्याकडे."

"बघत होतास."

"मला वाटलं, आता ओरडाल. तुम्ही ओरडला नाहीत. नियम नियम आहे."

तो तिच्या खांद्यावर हात ठेवून पुढच्या टेबलाकडे गेला. हात ऊबदार होता. जोलीन त्याच्या पाठीकडे बघत काहीतरी पुटपुटली, ते चर्चच्या तळघरात चाललं नसतं. आर्डिथ स्वतःच्या खांद्याकडे बघत राहिली, जणू त्यावर काही सांडलं होतं. तो बघत होता. म्हणजे चूक नव्हती, घाई नव्हती, सभागृहाचा गोंगाट नव्हता. त्याला माहीत होतं ती कशाला उठली आहे. त्याला हेही माहीत होतं की ती रांगेत उभी राहील. अठ्ठावीस वर्षांपूर्वी दर मंगळवारी त्यानं तिला दार उघडून धरताना बघितलं होतं. आमच्या चांगुलपणाचा त्यानं सेकंदांत हिशोब केला. तिच्या नम्रपणाचा असा कोणी उपयोग करील, म्हणजे आधी घड्याळ लावून, हे तिच्या ध्यानात येईना. आणि आलं तेव्हा ते अगदी स्वच्छ दिसलं. न्यायाधीशांनी त्या बाईचं ऐकलंच असेल. आज पहिल्यांदा तिला हे सुचलं. घड्याळाकडे बघत होते म्हणजे काय. ऐकलंच असेल, आणि लघुलेखिका मध्ये बोलणार नाही हेही त्यांना माहीत असेल.

भाषण संपलं. कर्टिस परत व्यासपीठावर. "यानंतर कार्यकारिणीच्या नावांची यादी," तो म्हणायला लागला, आणि आर्डिथ उठली. खुर्ची मागे सारली नाही. ती पडली, फळीवर आवाज झाला. चार नंबरच्या माइकवर एक उंच गृहस्थ होते, यादीला अनुमोदन द्यायला आलेले, कोटाच्या खिशात रुमाल. "सरका," आर्डिथ म्हणाली. ते सरकले. आयुष्यात कोणाला तिनं हा शब्द म्हटला नव्हता, आणि तो इतका सोपा निघावा याचाही तिला संताप आला.

"अध्यक्षमहाराज, आर्डिथ क्वामे, टेलमार काउंटी. विहिरींचा ठराव समितीकडे पाठवण्याच्या निर्णयाचा फेरविचार व्हावा अशी सूचना मी मांडते."

सभागृहात कुजबुज झाली. मागच्या बाकांवर कोणीतरी शिट्टी घातली. कर्टिसच्या चेहऱ्यावर क्षणभर काही नव्हतं, मग दुःख आलं, खरंखुरं. त्याला वाटलं असणार, बाई खोटं बोलायला आल्या. तिच्या ते लक्षात आलं. टेबलाशी जोलीन उभी राहिली होती, दोन्ही मुठी हनुवटीखाली धरून, आणि तिलाही तेच वाटत होतं.

"ही सूचना," कर्टिस सावकाश म्हणाला, "जिंकलेल्या बाजूनं मत दिलेल्या प्रतिनिधीलाच मांडता येते. क्वामेबाई, तुम्ही जिंकलेल्या बाजूनं मत दिलं होतंत का?"

"हो," आर्डिथ म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. बिचाऱ्याला माझी लाज वाटतेय, तिला वाटलं.

"मी 'नाही' म्हटलं होतं," ती म्हणाली. "आणि 'नाही' जिंकलं होतं. मी एकतीस वर्षं कोर्टात बसून लोकांचं बोलणं उतरवलंय. मी ऐकलं. मागच्या बाकांनी ऐकलं. तूही ऐकलंस, कर्टिस, ऐकून हातोडा..."

पुढचा शब्द तिच्या तोंडातून निघाला पण सभागृहात पोचला नाही. माइक बंद झाला होता. ती बोलत होती आणि ते बोलणं हातभर अंतरावर जमिनीवर पडत होतं. "सूचना नियमबाह्य आहे," वरून आवाज आला, मोठा, सगळीकडून. "प्रतिनिधींनी कृपया जागेवर बसावं."

ती बसली नाही. बंद माइकसमोर बाई उभी आहे आणि तिचे ओठ हलताहेत, एवढंच मागून दिसत असणार. त्या मोटेलच्या बाईसारखे. आता काय करायचं हे पुस्तकात नव्हतं. तिनं मागे वळून आपल्या टेबलाकडे बघितलं. जोलीन उभीच होती. रॉय टेबलाचा काठ धरून उठत होता, अर्धा उठला, गुडघ्यानं नकार दिला, पुन्हा बसला, शिवी घातली, आणि दुसऱ्या प्रयत्नात उभा राहिला. "मतविभागणी!" तो ओरडला. बसमध्ये तिसऱ्या खेपेला ओरडला होता तसाच, गायी हाकताना वापरायच्या आवाजात. वेळ टळून गेलेली, नियमाच्या बाहेर. मग टेलमारचे सतराही उभे राहिले. मग शेजारचं टेबल. मागच्या बाकांवर लोक उठायला लागले, एकदम नाही, तुकड्या तुकड्यानं, शेजाऱ्याकडे बघत. काही उठून परत बसले. पुढची टेबलं बसलेलीच होती. तिथे काही जण फोनमध्ये बघत होते.

कोणी मोजत नव्हतं. मोजणारे गणक व्यासपीठाच्या पायऱ्यांवर बसले होते, अध्यक्षांच्या हुकमाची वाट बघत. वाट बघत.

आर्डिथनं कागद उलटा केला, कोऱ्या बाजूला. कानामागची पेन्सिल काढली. ती टेलमारच्या टेबलाशी आली आणि रॉयकडे पेन्सिल रोखून म्हणाली, "एक."

"पहिल्यांदाच आलोय पहिला," रॉय म्हणाला.

"गप्प. दोन." ती जोलीन होती. तीन, चार. ती टेबलांमधून चालत गेली, प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत, प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणत. जोलीननं तिच्या हातातून कागद-पेन्सिल घेतली आणि तिच्यामागून रेघा ओढायला लागली, पाच पाचांच्या जुड्या. रेघा सरळ येत होत्या. "क्वामेबाई," आवाज आला, सगळीकडून, "हे मोजणं अधिकृत नाही. याची कुठेही नोंद होणार नाही. कृपया बसा." आर्डिथनं ते ऐकलं. तिनं सगळंच ऐकलं होतं, आयुष्यभर. ती चढत्या बाकांच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवत होती, वर अजून बरेच जण उभे होते.

हातोडा आपटला. ती थांबेल म्हणून तो क्षणभर थांबला, आणि पुन्हा आपटला.

"त्रेसष्ट," आर्डिथ म्हणाली.